चार ओळींचे दाम: सीमाभागातील मुक्त जाहिरात-लेखकाने रास्त दर कसा ठरवावा

बेळगाव आणि गोवा यांच्यामध्ये चोर्ल्याचा घाट असला तरी दोन्ही बाजारपेठा एकमेकींना चिकटूनच आहेत. गोव्याच्या बाजारात बेळगावची भाजी येते. लग्नसराई आली की गोव्यातील कुटुंबे खडेबाजार आणि गणपत गल्लीत कापड घ्यायला जातात, परतताना कुंद्याचे डबे घेऊन येतात. या व्यवहारामुळे लेखनाचेही एक काम वाढले आहे. बेळगावच्या दुकानदाराला गोव्यातील ग्राहकासाठी मराठी मजकूर लागतो. निपाणीच्या व्यापाऱ्याला कोल्हापूरसाठी वेगळा आणि चिकोडीसाठी कन्नड मजकूर हवा असतो. पत्रक, फलक, समाजमाध्यमांवरील जाहिरात, संकेतस्थळ, आकाशवाणीवरील तीस सेकंदांची घोषणा, वेष्टनावरील चार ओळी, असा हा सारा मजकूर लिहिणारी माणसे बहुधा कोणत्याही जाहिरात संस्थेत नोकरीला नसतात. घरी बसून कामागणिक मोबदला घेणाऱ्या या व्यक्तीला आपण येथे मुक्त जाहिरात-लेखक म्हणू. व्यवहारात तिला कॉपीरायटर हे नावही रुळले आहे.

या लेखकाची पहिली अडचण भाषेची नसून दराची असते. ‘चार ओळी तर आहेत, त्याचे काय घ्यायचे?’ हा प्रश्न त्याला दर आठवड्याला ऐकावा लागतो. उत्तर देताना तो सहसा अंदाजाने एक आकडा सांगतो, समोरच्याचा चेहरा पाहून तो उतरवतो आणि काम संपल्यावर आपण तोट्यात गेल्याचे त्याच्या लक्षात येते. दर हा अंदाजाचा विषय नाही. तो हिशेबाने काढता येतो, कागदावर मांडता येतो आणि त्याच्या वसुलीला कायद्याचा काही आधारही आहे. त्याची रीत येथे क्रमाने मांडली आहे.

मजकूर फुकट का वाटतो?

जाहिरातीचा मजकूर फुकट मिळतो, ही समजूत व्यापाऱ्याच्या कंजूषपणातून आलेली नाही. तिच्यामागे वृत्तपत्रीय जाहिरातीची जुनी व्यवस्था आहे. मान्यताप्राप्त जाहिरात संस्थेला वृत्तपत्राकडून जागेच्या रकमेवर सर्वसाधारणपणे १५ टक्के कमिशन मिळे. जागा चौरस सेंटिमीटरने विकली जाई आणि संस्थेचे उत्पन्न त्या जागेतून येई. त्यामुळे मजकूर लिहिणे, मांडणी करणे, मुद्रिते तपासणे ही कामे ग्राहकासाठी वेगळ्या बिलाविना होत. गावोगावचा जाहिरात प्रतिनिधीही दुकानात बसून मजकूर उतरवून घेई आणि त्याचे पैसे मागत नसे, कारण त्याचा वाटा कमिशनमध्ये आलेला असे.

दुकानदार त्या वेळीही लेखनाचे पैसे देतच होता, मात्र ते जागेच्या किमतीत दडलेले होते. आता जाहिरात मोबाईलवर गेली. दुकानदार स्वतःच समाजमाध्यमाच्या कंपनीला पैसे भरतो आणि मुक्त लेखकाला त्यातून कमिशन मिळत नाही. कमिशन गेले, पण मजकूर फुकट असण्याची सवय राहिली. ग्राहकाला ही गोष्ट एकदा शांतपणे समजावून सांगितली, तर घासाघिशीचा निम्मा भाग तेथेच संपतो.

निपाणीने शिकवलेला हिशेब

रास्त दराचा प्रश्न या प्रदेशाला नवा नाही. निपाणी हे तंबाखूचे गाव. १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी येथे पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिल रोजी आंदोलन मोडून काढताना झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्याच्या मुळाशी एक साधा विचार होता: मालाचा भाव उत्पादन खर्चावर आधारलेला असावा. आपला खर्च किती आला हे शेतकऱ्याने आधी मोजावे, मग भावाची भाषा बोलावी.

याच गावात तंबाखू वखारींतील आणि विडी वळणाऱ्या स्त्रियांचाही लढा झाला. वखारीतील स्त्री कामगारांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या चित्रपट-समूहाने १९८२ मध्ये माहितीपट केला होता. विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, म्हणजे ती नगावर मिळणारी मजुरी असते. अशा मजुरीत फसगत केवळ दरात होत नाही, हे या कामगारांना अनुभवाने ठाऊक आहे. दिलेले पान अपुरे निघाले तर कामगाराला पदरचे घालावे लागते. वळलेल्या विड्यांपैकी काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या, तर तेवढे श्रम वाया जातात. आणि पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर ठरलेला दर कागदावरच राहतो. म्हणून विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा त्याने घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांनाही कामगार मानले आणि विड्या नापास करण्याचा विषयही नियमांच्या कक्षेत आणला.

विडी वळणे आणि जाहिरात लिहिणे यांतील श्रमांची व सामाजिक स्थितीची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तरी नगावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब लागू पडतो. दर म्हणजे एकटा आकडा नव्हे. खर्चावर आधारलेला आकडा, कामाचे माप, छाटीची मर्यादा आणि पैसे मिळण्याची मुदत या चार गोष्टी मिळून दर होतो. यांतील एक जरी मोकळी सोडली, तरी उरलेल्या तिन्ही पोकळ ठरतात.

पहिली गोष्ट: स्वतःचा उत्पादन खर्च

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, प्रत्येकाने तेथे आपले आकडे घालावेत. निपाणीत राहणाऱ्या एका लेखिकेला घरखर्चातील आपल्या वाट्यासाठी महिना २५,००० रुपये लागतात. इंटरनेट, वीज, संगणकाची झीज, प्रवास आणि दूरध्वनी यांसाठी ४,००० रुपये जातात. आरोग्य विमा, म्हातारपणाची तरतूद आणि अडीअडचण यांसाठी ती ४,००० रुपये बाजूला ठेवू इच्छिते. नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी मिळतो, मुक्त लेखकाला तो स्वतःच उभारावा लागतो, म्हणून ही शेवटची रक्कम ऐच्छिक समजू नये. एकूण गरज महिना ३३,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३,९६,००० रुपये झाली.

बहुतेकजण आता ३३,००० ला महिन्याच्या २६ दिवसांनी आणि दिवसाच्या आठ तासांनी भागतात. उत्तर येते ताशी सुमारे १५९ रुपये. हा हिशेब चुकीचा आहे, कारण दिवसाचे आठही तास कोणी विकत घेत नाही. ग्राहक शोधणे, फोनवर बोलणे, दरपत्रक पाठवणे, बिल करणे, पैशांचा पाठपुरावा करणे यात अर्धा दिवस सहज जातो. वर्षातील ५२ रविवार आणि सण, आजारपण, घरकार्य यांचे २५ दिवस वजा केले तर २८८ दिवस उरतात. दिवसाला विकता येण्याजोगे चार तास धरले तर १,१५२ तास होतात. बारमाही काम मिळत नाही. दिवाळी, पाडवा आणि लग्नसराई सोडली तर काही महिने रिकामे जातात. म्हणून त्यातील तीन चतुर्थांश तासच भरतील असे धरले, की हाती ८६४ तास राहतात. ३,९६,००० ला ८६४ ने भागले की ताशी सुमारे ४५८ रुपये येतात. सोयीसाठी ४६० धरू.

१५९ आणि ४६० यांत जवळजवळ तिपटीचा फरक आहे. ‘दिवसभर काम करतो, तरी पैसे पुरत नाहीत’ या तक्रारीचे मूळ बहुधा या फरकात असते. शिवाय ४६० हा नफ्याचा दर नसून केवळ निभावण्याचा दर आहे. त्याच्या खाली घेतलेले प्रत्येक काम लेखिकेच्या घरातून भरपाई मागते. अनुभव, विषयाचे विशेष ज्ञान किंवा तातडी असेल तर दर याच्या वर चढत जावा.

दुसरी गोष्ट: कामाचे माप

ताशी दर हा लेखकाने स्वतःसाठी काढायचा असतो. तो ग्राहकाला सांगावाच असे नाही. ग्राहकाला एकूण काम केवढ्याला पडेल हे हवे असते. माप तीन प्रकारचे असू शकते: शब्दावर, तासावर किंवा कामावर.

शब्दावरचे माप छोट्या जाहिरातीला लावणे हा सर्वांत मोठा घात. साडीच्या दुकानाचे साठ शब्दांचे दिवाळी पत्रक घ्या. मालकाशी बोलणे एक तास, माल पाहून टिपणे काढणे एक तास, दोन पर्याय लिहिणे दोन तास, दुरुस्ती एक तास, छापण्यापूर्वी मुद्रित तपासणे एक तास, असे सहा तास होतात. ४६० च्या दराने त्याचे २,७६० रुपये झाले, म्हणजे शब्दाला ४६ रुपये. शब्दाला एक रुपया घेतला असता तर साठ रुपये हाती आले असते. याउलट संकेतस्थळासाठी दीड हजार शब्दांचा माहितीपर लेख आठ तासांत होत असेल, तर त्याचे ३,६८० रुपये होतात आणि शब्दाला सुमारे अडीच रुपये पडतात. एकाच लेखिकेचा एकच ताशी दर, पण शब्दाचा भाव एकीकडे ४६ आणि दुसरीकडे अडीच. मजकूर जितका आखूड, तितका त्यातला एकेक शब्द महाग, असे हे गणित आहे.

म्हणून पत्रक, फलक, घोषवाक्य, वेष्टन आणि आकाशवाणीची घोषणा यांना कामावर दर लावावा. लेख, माहितीपुस्तिका आणि वस्तूंची दीर्घ वर्णने यांना शब्दावर दर चालतो. बैठका, सल्ला आणि दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची डागडुजी यांना तासावर दर योग्य.

हल्ली यंत्राकडून मजकूर तयार करून ‘फक्त जरा नीट करून द्या’ असे सांगणारे ग्राहक वाढले आहेत. अशा वेळी शब्दावर दर घेऊ नये. यंत्राने दिलेली वाक्ये वरवर गुळगुळीत असतात. त्यांतली चुकीची माहिती, उपरी वाक्यरचना आणि गावात न बोलला जाणारा शब्द शोधण्यात कधी कधी नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जातो. पहिली दोन पाने तपासून लागलेला वेळ मोजावा आणि मगच पूर्ण कामाचा आकडा सांगावा.

दोन भाषांचे काम हे दोन कामे आहेत

सीमाभागातील लेखकाची खरी शिदोरी म्हणजे त्याचे बहुभाषिकत्व, आणि नेमके तेच तो सर्वांत स्वस्त विकतो. मराठी मजकूर दिल्यावर ‘त्याचेच कन्नडही करून द्या’ असे सांगितले जाते आणि ते पुष्कळदा सौजन्यापोटी फुकट होते.

गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. मराठी जाहिरातीत गुढी उभारली की काम होते. कन्नड वाचकासाठी त्या दिवसाची खूण बेवू-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ ही असते. गोव्यात हाच दिवस संसार पाडवा म्हणून ओळखला जातो. तसेच गणपतीचे. बेळगावात सार्वजनिक गणेशोत्सवाचा थाट मोठा, तर गोव्यात चवथ हा मुख्यतः घरचा, मूळ घरी परतण्याचा सण. एकाच मिठाईची जाहिरात या वाचकांपर्यंत एकाच वाक्याने पोहोचत नाही. येथे भाषांतर पुरत नाही, मजकूर पुन्हा लिहावा लागतो.

कायद्यानेही या कौशल्याची गरज वाढवली आहे. कर्नाटकात २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार व्यावसायिक आस्थापनांच्या नामफलकावर किमान ६० टक्के भाग कन्नडचा असणे आणि तो वरच्या अर्ध्यात असणे बंधनकारक आहे. उरलेल्या जागेत मराठी वा इंग्रजी मजकूर बसवायचा असेल तर तो अत्यंत आटोपशीर लागतो. अशा फलकाचा मजकूर आखणाऱ्याला दोन्ही लिप्यांची लांबी-रुंदी आणि नियम ठाऊक असावे लागतात. हे कौशल्य दरात दिसले पाहिजे.

हिशेबाची रीत मात्र तीच. वरील पत्रकाचा कन्नड मजकूर करताना मालकाशी बोलणे आणि माल पाहणे पुन्हा करावे लागत नाही. लिहिणे, दुरुस्ती आणि मुद्रित यांना तीन तास लागले तर १,३८० रुपये होतात, म्हणजे मूळ कामाच्या निम्मे. ते शून्य नसते आणि दुप्पटही नसते. कन्नड मजकूर दुसऱ्या लेखकाकडून करून घेतला, तर त्याचा पूर्ण मोबदला आणि आपल्या देखरेखीचा तास असे दोन्ही दरपत्रकात स्वतंत्र दाखवावे. ज्या भाषेत आपण सफाईने बोलतो पण निर्दोष लिहीत नाही, त्या भाषेतील काम स्वतःकडे घेऊ नये. छापलेल्या फलकावरील एक चूक दहा ग्राहक दूर नेते.

तिसरी गोष्ट: छाटीची मर्यादा

विडी वळणाऱ्या कामगाराची जशी छाट, तशी लेखकाची ‘अजून एकदा बघा’. मालकाला आवडले, मग त्याच्या भावाला आवडले नाही, मग मुलाने सुचवले, असे पत्रक पाच वेळा फिरते. सहा तासांचे काम अकरा तासांवर गेले, की ४६० चा दर २५० वर उतरतो. दर उतरवल्याचे कोणी बोललेले नसते, तरी तो उतरलेला असतो.

यावर उपाय म्हणजे दरपत्रकातच तीन वाक्ये लिहिणे. या रकमेत दुरुस्तीच्या दोन फेऱ्या समाविष्ट आहेत. तिसऱ्या फेरीपासून ताशी आकारणी होईल. सुरुवातीला ठरलेला विषय, वस्तू किंवा सवलत बदलल्यास ते नवे काम समजले जाईल. याखेरीज दुरुस्त्या एकाच व्यक्तीमार्फत आणि लेखी याव्यात, असा आग्रह धरावा. काम मध्येच थांबले तर काय, हेही आधीच ठरवावे. पहिला मसुदा दिल्यानंतर काम रद्द झाल्यास निम्मी रक्कम आणि अंतिम मजकूर दिल्यानंतर रद्द झाल्यास पूर्ण रक्कम, ही वाटणी दोन्ही बाजूंना न्याय्य ठरते.

मजकुरावर हक्क कोणाचा?

दराचा एक भाग हक्काशी निगडित आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. मुक्त लेखक नोकरीत नसतो. म्हणून त्याच्या लेखनाचा पहिला मालक तो स्वतःच असतो. ज्या कारणासाठी मजकूर मागितला त्या कारणापुरता तो वापरण्याची मुभा ग्राहकाला अर्थातच असते. परंतु हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीने व्हावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो.

याचा व्यवहारातला उपयोग असा. बेळगावच्या दुकानासाठी लिहिलेले पत्रक पुढे मडगावच्या शाखेत, मोठ्या फलकावर आणि आकाशवाणीवर वापरायचे असेल, तर दर वेगळा असावा. दरपत्रकात माध्यम, मुदत आणि प्रदेश या तीन बाबी लिहिल्या की वाद उरत नाही. छोट्या दुकानदाराला हे किचकट वाटत असेल तर सर्व हक्कांसह एकच वाढीव रक्कम सांगावी.

घोषवाक्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. दोन-चार शब्दांच्या वाक्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण सहसा मिळत नाही. म्हणजे ग्राहकाने ऐकले, नको म्हटले आणि नंतर वापरले, तर लेखकाच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून विसार घेतल्याशिवाय घोषवाक्य दाखवू नये.

चौथी गोष्ट: पैसे मिळण्याची मुदत

गावातील ओळखीच्या व्यवहारात पैसे मागण्याचा संकोच असतो. नवा ग्राहक असेल तर निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली अंतिम मजकूर देताना किंवा पंधरा दिवसांच्या आत घ्यावी. विसार देण्याची प्रथा आपल्या बाजारात जुनीच आहे. दागिना घडवायला टाकताना सराफाला तो देतातच, मग लेखकाने मागण्यात गैर काही नाही.

रक्कम अडकली तर सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ उपयोगी पडतो. सेवा पुरवणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उपक्रम म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करू शकते. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उपक्रमाचे पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसल्यास ती १५ दिवसांची असते. मुदत टळल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार राज्याच्या सुकरता परिषदेकडे करता येते. सीमाभागासाठी महत्त्वाची गोष्ट ही, की सेवा पुरवणारा ज्या राज्यात आहे तेथील परिषदेला हे अधिकार असतात, मग ग्राहक देशात कोठेही असो. निपाणीच्या लेखिकेचे पैसे पणजीच्या कंपनीकडे अडकले तर तिला कर्नाटकातच दाद मागता येते आणि म्हापशाच्या लेखकाला बेळगावच्या ग्राहकाविरुद्ध गोव्यात. नोंदणी मात्र काम घेण्यापूर्वीच करून ठेवावी.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही एक तरतूद आली आहे. सूक्ष्म व लघु उपक्रमांचे पैसे या मुदतीनंतर दिले, तर ते प्रत्यक्ष दिल्याखेरीज ग्राहकाला तो खर्च करवजावटीसाठी दाखवता येत नाही. म्हणून बिलावर आपला उद्यम क्रमांक ठळक छापावा. कंपनीच्या हिशेबनिसाला तो स्मरणपत्रापेक्षा लवकर समजतो.

कर आणि बिल

दर सांगताना कराचा गोंधळ नसावा. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल गोव्यात किंवा कर्नाटकात २० लाख रुपयांच्या आत असेल, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी बंधनकारक नाही. दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला सेवा दिली तरी या मर्यादेत सवलत कायम राहते. त्यामुळे ‘जीएसटी क्रमांक नाही म्हणून पैसे कमी’ हा युक्तिवाद मान्य करण्याचे कारण नाही.

कंपनीने वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक शुल्क दिल्यास ती साधारणतः १० टक्के रक्कम मुळात कापून सरकारकडे भरते. ही कपात म्हणजे दरातील घट नव्हे, तो लेखकाच्या नावे जमा झालेला कर आहे. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर तो नोंदला गेला की नाही हे पाहावे आणि विवरणपत्र भरून जादा कापलेली रक्कम परत मागावी. पॅन क्रमांक न दिल्यास कपात २० टक्क्यांवर जाते, म्हणून तो बिलावर असावाच.

दर सांगताना

ग्राहकाची तयारी कमी असेल तर दर उतरवण्याऐवजी काम उतरवावे. २,७६० रुपये जड वाटत असतील तर दोन पर्यायांऐवजी एकच पर्याय आणि दोन फेऱ्यांऐवजी एकच फेरी देऊन रक्कम कमी करता येते. याने ग्राहकाचाही मान राहतो आणि ताशी दरही टिकतो. स्नेह्याला, संस्थेला किंवा मराठी शाळेला फुकट लिहून द्यावेसे वाटले तर जरूर द्यावे. मात्र बिल पूर्ण रकमेचे करून त्यात तेवढीच सवलत दाखवावी, म्हणजे कामाचे मोल समोरच्याला कळते आणि पुढच्या वेळी फुकटाची अपेक्षा राहत नाही.

दरवर्षी एप्रिलमध्ये हिशेब नव्याने मांडावा आणि जुन्या ग्राहकांना महिनाभर आधी कळवून दर वाढवावा. समव्यावसायिकांशी वेळ, खर्च, दुरुस्त्यांच्या अटी आणि पैसे बुडवणाऱ्यांविषयी मोकळेपणाने बोलावे. येथे एक मर्यादा लक्षात असू द्यावी. कामगारांना संघटना करून मजुरीची सामुदायिक बोलणी करता येतात. स्वतंत्र व्यावसायिकांनी मात्र एकत्र येऊन ठरावीक दराचा करार केला, तर तो स्पर्धा कायदा, २००२ अन्वये आक्षेपार्ह ठरू शकतो. अनुभवाची देवाणघेवाण करावी, आकडा मात्र प्रत्येकाने आपल्या हिशेबाने काढावा.

सीमाभागात मराठी लिहिणारे कमी नाहीत. त्या लेखनावर घर चालत नाही असे वाटले, की मात्र त्यांतील चांगले हात पुण्या-मुंबईकडे किंवा दुसऱ्याच नोकरीकडे वळतात आणि मागे फलकांवर अशुद्ध, उपऱ्या वाक्यांची मराठी उरते. म्हणून पुढचे काम घेण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: माझा ताशी खर्च, कामाचे माप, दुरुस्त्यांची मर्यादा आणि पैसे मिळण्याचा दिवस. दुकानदाराच्या चार ओळींचे दाम त्यावरूनच ठरतील.